नोंदवहीत सात, घरात पाच



नोव्हेंबर महिना आपली ख्रिस्तसभा मृतांसाठी राखून ठेवते. २ नोव्हेंबरला आपण सारे दफनभूमीत जमलो, कबरी स्वच्छ केल्या, फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. आपण दिलेल्या नावांच्या याद्या आता महिनाभर वेदीजवळच्या पेटीत राहतील आणि दररोजच्या मिस्सामध्ये त्या सर्वांचे स्मरण होईल.

यंदा याद्या गोळा करताना एक नवी गोष्ट दिसली. काही याद्या हाताने लिहिलेल्या नव्हत्या, संगणकावर छापलेल्या होत्या. एकेका यादीत साठ-सत्तर नावे, तीही जन्म-मृत्यूच्या तारखांसह! चौकशी केली तेव्हा कळले, की आपल्या धर्मग्रामातली काही मंडळी, विशेषतः नोकरीनिमित्त परदेशी असलेली आपली मुले, इंटरनेटवर आपल्या घराण्याचा वंशवृक्ष तयार करीत आहेत. फॅमिलीसर्च, विकिट्री, जेनी अशी काही संकेतस्थळे आहेत. तेथे प्रत्येकाने आपापले वेगळे झाड लावायचे नसते. सगळ्यांचे मिळून एकच मोठे झाड असते. मी माझ्या आजोबांचे पान तयार केले, माझ्या चुलत बहिणीने टोरांटोहून आपल्या आजीचे पान तयार केले, आणि पुढे कळले की दोघांचे पणजोबा एकच, तर ती दोन पाने एकत्र जोडली जातात. एकाने लिहिलेले दुसऱ्याला दुरुस्त करता येते. कोणी काय बदलले याचीही नोंद राहते.

काम चांगले आहे. आपल्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांची सत्ता होती. त्या काळापासून आजतागायत श्रद्धा जपलेल्या माणसांची आपण लेकरे आहोत. ती माणसे कोण, कुठल्या आळीतली, कोणाच्या पोटची, हे नातवंडांना जाणून घ्यावेसे वाटते याचा आनंदच आहे. परंतु या निमित्ताने एका घरात जे घडले ते मला आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे. त्या कुटुंबाला विचारून, त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून मी हे लिहीत आहे.

आजीची लेकरे किती?

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण सुट्टीवर आला होता. तो चर्चच्या कार्यालयात आला आणि म्हणाला, "फादर, माझ्या आजीच्या पाचही मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा हव्या आहेत. वंशवृक्षात घालायच्या आहेत."

मी कपाटातून जुनी नोंदवही काढली. आजोबांचे नाव, आजीचे नाव, आळीचे नाव जुळवत एकेक पान उलटू लागलो. पाच नावे सापडली. परंतु त्याच आईबापांच्या नावापुढे आणखी दोन नोंदी होत्या. एक मुलगा. त्याच्या नोंदीत लिहिले होते, की जिवाला धोका असल्यामुळे सुइणीने घरीच बाप्तिस्मा दिला. मृतांच्या वहीत त्याच नावाची नोंद नऊ दिवसांनंतरची होती. आणि दुसरी एक मुलगी, सर्वांत धाकट्याच्या आधीची.

तो तरुण बघतच राहिला. त्याला ना तो काका ठाऊक होता, ना ती आत्या.

त्याने त्या दोघांचीही नावे वंशवृक्षात घातली. संध्याकाळी आजीजवळ बसून त्याने सातही नावे तिला वाचून दाखवली. आजीचे वय नव्वदीच्या घरात. तिला कमी ऐकू येते, म्हणून मोठ्याने वाचली. नऊ दिवसांच्या बाळाचे नाव आले तेव्हा आजी म्हणाली, "मला माहीत आहे. कोणी विचारलंच नाही." मग बराच वेळ ती त्या बाळाबद्दल बोलत राहिली. तो कोणत्या पावसात जन्मला, पाण्याचा वाडगा कोणी धरला होता, पेटी कोणी बनवून दिली होती. साठ-पासष्ट वर्षे ती हे सारे मनात घेऊन बसली होती.

मुलीचे नाव आले तेव्हा मात्र आजी काही बोलली नाही. तिने तोंड भिंतीकडे वळवले.

दोन दिवसांनी त्या तरुणाने संगणक उघडून पाहिला तर आत्याचे पान झाडावरून गेलेले होते. मोठ्या काकांनी ते काढून टाकले होते. त्याने पुन्हा घातले. काकांनी पुन्हा काढले. असे तीन वेळा झाले. चौथ्या दिवशी काका स्वतःच माझ्याकडे आले. "फादर, तुम्ही त्याला समजवा. ती आमच्यासाठी मेली. चाळीस वर्षं झाली. घरच्यांच्या मनाविरुद्ध, चर्चबाहेर लग्न करून गेली. वडिलांनी त्या धक्क्यानं अंथरूण धरलं. आमच्या वंशावळीत तिचं नाव नको."

बंधू-भगिनींनो, त्या काकांना आपण घाईने दोष देऊ नये. वडिलांचे शेवटचे दिवस त्यांनी पाहिले होते. त्यांचे दुःख खरे होते. मी त्यांना एवढेच विचारले, "प्रभू येशूची वंशावळ तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचली आहे का?"

मत्तयने कोणाला गाळले?

मत्तयकृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय चर्चमध्ये वाचला जातो तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना जांभया येतात. नाताळपूर्वी १७ डिसेंबरला आणि पवित्र मरियेच्या जन्मदिनी, ८ सप्टेंबरला, हे वाचन येते. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला! पण आज घरी गेल्यावर बायबल उघडून तो उतारा सावकाश वाचा.

अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट मत्तय मांडतो. अशा वंशावळी सहसा बापाकडून मुलाकडे जातात, आईचे नाव क्वचितच येते. मत्तय मात्र मरियेच्या आधी चार स्त्रियांचा उल्लेख करतो. तामार : सासऱ्यापासून, यहूदापासून, तिला जुळी मुले झाली. राहाब : यरीहोतील वेश्या. रूथ : परक्या मवाबी लोकांतली विधवा. चौथीचे तर तो नावही घेत नाही, 'उरीयाची पत्नी' एवढेच म्हणतो. का? कारण ते शब्द वाचले की दावीद राजाचे पाप आठवावे. उरीयाची बायको त्याने घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवले. लाडक्या राजाच्या घराण्यावरचा तो डाग मत्तयने पुसला नाही.

एखादा जाणकार म्हणेल, "फादर, मत्तयनेही काही नावे गाळली आहेत." बरोबर आहे. योराम आणि उज्जीया यांच्यामध्ये तीन राजे होते : अहज्या, योवाश आणि अमस्या. पहिल्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात ते सापडतात, मत्तयच्या यादीत नाहीत. चौदाचा मेळ बसवण्यासाठी मत्तयने तसे केले असावे, असे अभ्यासक म्हणतात. पण पाहा, जागा कमी पडली तेव्हा त्याने कोणाला काढले? सिंहासनावर बसलेल्या तीन राजांना! तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी मात्र जागच्या जागी राहिल्या. आपण काय करतो? कोणी आजोबा गावचे पोलीस पाटील असतील, घराण्यात कोणी धर्मगुरू किंवा धर्मभगिनी असेल, तर त्यांचे पान फोटोसह पहिले भरतो. आणि जिच्यामुळे मान खाली घालावी लागली तिचे पान काढून टाकतो.

देवाचा पुत्र माणूस झाला तेव्हा त्याने निवडक नातेवाइकांचे घराणे मागून घेतले नाही. जसे होते तसे स्वीकारले. आपल्या सर्वांच्या तारणाची सुरुवात तेथूनच होते. जे त्याने स्वीकारले तेच त्याने तारले. मग ज्या घराण्यातून आपण आलो ते आपण छाटून-कापून का दाखवावे?

काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्याचं बरोबर आणि माझं चूक?"

मी म्हणालो, "नाही. त्याचीही एक चूक आहे. तुमची बहीण जिवंत आहे. तिचं नाव लिहिण्याआधी त्यानं तिला विचारलं का?"

जिवंतांचे गुपित आपले नव्हे

येथे मला सर्वच तरुणांना सांगायचे आहे. मृतांबद्दल सत्य लिहावे, पण जिवंतांबद्दल आधी त्यांना विचारावे. आपली ख्रिस्तसभा नोंदी ठेवताना हीच काळजी घेते. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू या सर्वांच्या नोंदी कशा कराव्यात ते ठरवून दिले. आजच्या धर्मसंहितेचे ५३५ वे कलम सांगते, की प्रत्येक धर्मग्रामात या वह्या असाव्यात, आणि त्या भलत्या हाती पडणार नाहीत हे धर्मगुरूने पाहावे. ८७७ वे कलम आणखी नाजूक आहे. अविवाहित आईच्या बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद करताना बापाचे नाव ऐकीव माहितीवरून लिहिता येत नाही. तसा सरकारी दाखला असावा लागतो, किंवा त्याने स्वतः धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर तसे सांगावे लागते. आईचे नावही, गोष्ट सर्वांना ठाऊक नसेल तर, तिने मागणी केल्यावरच लिहायचे. बाळाचे नाव मात्र लिहायचेच! कोणत्याही बाळाला नोंदवहीतून वगळता येत नाही, आणि कोणत्याही आईची अब्रू चव्हाट्यावर मांडता येत नाही. वंशवृक्ष करणाऱ्यांनी हा एकच नियम पाळला तरी पुरे.

म्हणून काही साध्या सूचना देतो.

जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आईचे माहेरचे आडनाव सर्वांना दिसेल अशा ठिकाणी टाकू नका. बँका आणि इतर ठिकाणी ओळख पटवण्यासाठी अशीच माहिती विचारली जाते, तिचा गैरवापर होऊ शकतो. यांतली अनेक संकेतस्थळे जिवंतांची पाने बाहेरच्यांपासून झाकून ठेवतात, पण जिवंत कोण आणि मृत कोण हे तुम्ही बरोबर नोंदवले तरच. कोणाला दत्तक घेतले, कोणाचे लग्न मोडले, कोण कोणत्या आजाराने गेले, हे सांगायचा पहिला हक्क त्या माणसाचा किंवा त्याच्या जवळच्यांचा आहे.

नाव सारखे दिसले म्हणून माणूस तोच, असे समजू नका. आपल्याकडे एकेका आळीत एकाच नावा-आडनावाचे चार-चार जण सापडतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत, आणि बाप्तिस्म्याला संतांचीच नावे! शिवाय जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेत असतात. तेथे जुवांव असतो तो घरात जॉन होतो आणि दुसऱ्या कागदावर योहान. एकच आडनाव कोठे लोपीस, कोठे लोपेस. म्हणून नावाबरोबर आईबापांची नावे, आळी, धर्ममाता-धर्मपिता हे सारे ताडून पाहा. बाप्तिस्म्याला कोण उभे राहिले यावरून घराणे पुष्कळदा ओळखता येते. सामायिक झाडावर चुकीची जोडणी केली तर एकट्या तुमचे नव्हे, सर्वांचेच झाड बिघडते. प्रत्येक माहितीखाली ती कोठून मिळाली ते लिहा : नोंदवही, कबरीवरचा दगड, की आजीचे सांगणे. खात्री नसेल तर जागा रिकामी ठेवा. रिकामी जागा ही चूक नव्हे. वाळवीने, पावसाने आणि लढायांनी सगळ्याच वह्या आपल्यापर्यंत पोहोचू दिलेल्या नाहीत.

नोंदवहीची पाने मोबाईलवर टिपण्याची परवानगी मागू नका. एका पानावर तुमच्या आजोबांबरोबर इतर दहा घरांच्या नोंदी असतात. कार्यालयात अर्ज द्या, तुमच्या घरची नोंद आम्ही उतरवून देऊ.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. यांतले फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाचे आहे. ते विनामूल्य आहे आणि तेथील मंडळी हे काम मोठ्या चिकाटीने करतात. पण आपल्या मृत पूर्वजांच्या नावाने जिवंत माणसाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याची त्यांची प्रथा आहे. आपली ख्रिस्तसभा ती मानत नाही. याच कारणास्तव व्हॅटिकनने एप्रिल २००८ मध्ये सर्व धर्मप्रांतांना कळवले, की धर्मग्रामांच्या नोंदवह्या त्या पंथाच्या वंशावळी संस्थेला चित्रित करण्यासाठी देऊ नयेत. हा आदेश वह्या सुपूर्द करण्याविषयी आहे. तुमच्या आजोबांचे नाव तुम्ही कोठे लिहावे हा निर्णय तुमचा, पण तो माहितीनिशी घ्या. घाबरण्याचे कारण नाही. ज्याचा एकदा ख्रिस्तात बाप्तिस्मा झाला तो कायमचा ख्रिस्ताचा. आणि आपल्या मृतांसाठी आपण काय करावे हे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी दोन हजार चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो, त्यांच्या पापांसाठी बली अर्पण व्हावा म्हणून. आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो तेव्हा त्याच वाटेने चालतो.

"आधी घरी बोलवा"

आता त्या घराकडे परत येऊ. काका आणि पुतण्या, दोघेही आपली चूक कबूल करायला सहजासहजी तयार नव्हते. पण पंधरा दिवसांनी, पुतण्याची सुट्टी संपण्याआधी, दोघे मिळून आत्याच्या गावी गेले. पत्ता आजीच्या उशाखाली होता. चाळीस वर्षे तो तिच्याकडे होता, हे घरात कोणालाही माहीत नव्हते.

आत्याने दार उघडले. भावाला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. चहा झाला. पुतण्याने मोबाईलवर ते झाड दाखवले आणि विचारले, "आत्या, तुमचं नाव घालू का?"

ती म्हणाली, "बाळा, नाव नंतर लिही. आधी घरी बोलवा."

काका मला म्हणाले, "फादर, त्यावर मला काही बोलता आलं नाही."

सारे काही गोड झाले असे मी लिहिणार नाही. एक भाऊ अजून बोलत नाही. पण गेल्या महिन्यात त्या नऊ दिवसांच्या बाळासाठी मिस्सा होती. आजीला खुर्चीवर बसवून आणले होते. मी वेदीवरून त्या बाळाचे नाव वाचले. चर्चमध्ये ते नाव इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच उच्चारले गेले असेल. शेवटच्या बाकावर एक बाई बसली होती. मिस्सा संपल्यावर ती पुढे आली आणि आजीच्या खुर्चीजवळ खाली बसली. आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पुष्कळ वेळ तो काढला नाही.

बंधू-भगिनींनो, संत पौल तीमथ्याला बजावतो, की न संपणाऱ्या वंशावळींच्या नादी लागू नये, कारण त्यातून वादच निघतात. आणि बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना सुनावतो, की अब्राहाम आपला बाप आहे या फुशारकीवर विसंबू नका. वंशवृक्ष मोठेपणा मिरवण्यासाठी असेल तर या दोघांचे म्हणणे आपल्याला लागू आहे. पण त्या झाडावरून एखाद्या विसरलेल्या माणसापर्यंत वाट निघत असेल, तर त्या वाटेने जरूर चालावे. बहात्तर शिष्य परत आले तेव्हा प्रभू येशूने त्यांना कोणत्या गोष्टीचा आनंद मानायला सांगितले? आपली नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा. त्या पुस्तकातून कोणाचे नाव काढण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही.

नोव्हेंबरची पेटी महिनाअखेरपर्यंत उघडी आहे. आज घरी गेल्यावर आपली यादी पुन्हा एकदा वाचा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि विचारा : कोणाचे नाव राहिले आहे का? जन्मताच गेलेले बाळ, रागाने घर सोडून गेलेला भाऊ, जिच्यासाठी कोणी रडले नाही अशी मावशी. मृत असेल तर नाव पेटीत टाका. जिवंत असेल तर नाव पेटीत टाकू नका, त्यांच्या दारी जा.

दयाळू पित्या, आमच्या घराण्यांतून आम्ही ज्यांना गाळले त्यांना तू कधीच गाळले नाहीस. आमच्या मृतांना सार्वकालिक विश्रांती दे, आणि आम्हा जिवंतांना एकमेकांच्या घरी परत येण्याचे धैर्य दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू